की-बोर्ड एक, भाषा तीन

प्रश्न : आमच्या टायपिंग सेंटरमध्ये तहसीलचे अर्ज कन्नडमध्ये, मंडळांची पत्रं मराठीत आणि बिलं इंग्रजीत होतात. विंडोज १० आहे. गावांचे फोल्डर इंग्रजी नावांनी केलेत. ‘खानापूर’वर जायला के-एच दाबलं की कधी बरोबर पोचतो, कधी काहीच हलत नाही. की-बोर्ड नवाच घेतलाय. मग बिघाड कशात? (खानापूर)

उत्तर : की-बोर्ड बदलायची गरज नव्हती. फोल्डरच्या यादीत अक्षरं दाबून उडी मारताना फाइल एक्सप्लोरर (विंडोजची फोल्डर दाखवणारी खिडकी) बटण बघत नाही, त्या बटणातून उमटलेलं अक्षर बघतो. आधीचं पत्र मराठी इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांसाठीची बटणांची ठरलेली मांडणी) टाइप केलं असेल आणि भाषा तशीच राहिली असेल, तर के-एचचं ‘कप’ होतं. कन्नड इनस्क्रिप्टमध्येही तीच बटणं क आणि प देतात, फक्त लिपी कन्नड. त्या अक्षरांनी सुरू होणारा फोल्डरच नाही, म्हणून यादी जागची हलत नाही. गोंधळ वाढतो तो कंट्रोल-सी, कंट्रोल-व्हीमुळे. ते मराठीतही चालतात, कारण तिथे विंडोज अक्षर नव्हे, बटणच ओळखतो. त्यामुळे भाषेवर संशय जात नाही आणि की-बोर्डच्या नावानं खडे फोडले जातात.

तात्पुरता उपाय म्हणजे विंडोज-स्पेस दाबून इंग्रजीवर या. घड्याळाशेजारी कोणती भाषा दिसते ते बघायची सवय लावा. कायमचा उपाय असा : सेटिंग्जमध्ये डिव्हायसेस, टायपिंग, मग ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज उघडा. (विंडोज ११ मध्ये हेच टाइम अँड लँग्वेजखाली सापडेल.) ‘लेट मी यूज अ डिफरंट इनपुट मेथड फॉर ईच ॲप विंडो’ या चौकटीत खूण करा आणि त्याच पानावर वर डिफॉल्ट म्हणून इंग्रजी निवडा. आता वर्ड मराठीत असला तरी फोल्डरची खिडकी इंग्रजीत राहू शकते. ही खूण नसते तेव्हा विंडोज ८ पासून पुढे एकच भाषा सगळ्या खिडक्यांना लागते. विंडोज ७ मध्ये तसं नव्हतं, म्हणून जुन्या मशीनवर हा त्रास जाणवला नसेल.

एवढं करूनही अडलं तर दोन गोष्टी तपासा. अक्षरं सलग दाबा. मध्ये सेकंदभर थांबलात तर एच हे नव्या शब्दाचं पहिलं अक्षर धरलं जातं आणि तुम्ही ‘हलगा’वर जाऊन पडता. दुसरं, फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबमध्ये तळाजवळ ‘व्हेन टायपिंग इनटू लिस्ट व्ह्यू’ असं आहे. तिथे ‘सिलेक्ट द टाइप्ड आयटम’ हवं. दुसरा पर्याय असेल तर अक्षरं थेट शोधपेटीत जातात.

फोल्डरची नावं मराठीत ठेवलीत तर हाच नियम उलटा लागू होतो : ‘येळ्ळूर’साठी मराठीवर जाऊन ‘ये’ दाबा. एकाच ड्राइव्हवर निम्मी नावं मराठी, निम्मी इंग्रजी हा मात्र हातानं ओढवून घेतलेला ताप आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या कन्नड किंवा मराठी फाँटचा मजकूर कॉपी करून फाइलला नाव देऊ नका. तिथे ती अक्षरं रोमन चिन्हांच्या खिचडीसारखी दिसतात.

प्रश्न : एक्सपीवर बॅकस्पेसनं एक फोल्डर वर जाता यायचं. नव्या मशीनवर कधी भलतीकडेच जातो, कधी जातच नाही. (निपाणी)

उत्तर : एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून बॅकस्पेसचा अर्थ ‘वर’ नसून ‘मागे’, म्हणजे आधी जिथे होतात तिथे. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटनं फोल्डर उघडला असेल तर मागे काहीच नसतं. वर जायला ऑल्ट आणि वरचा बाण.

प्रश्न : माउस बंद पडलाय. स्कॅन केलेल्या उताऱ्यांपैकी मधले-मधले चार निवडून पेनड्राइव्हवर न्यायचेत. (चिकोडी)

उत्तर : हव्या असलेल्या चारांपैकी पहिल्या फाइलवर जा. कंट्रोल दाबून धरा आणि बाणानं पुढे सरका. निवड न बदलता फक्त चौकट सरकते. हव्या त्या फाइलवर कंट्रोल न सोडता स्पेस दाबा. चुकीची निवडली गेली तर त्याच फाइलवर पुन्हा कंट्रोल-स्पेस. मध्येच कंट्रोल सोडून नुसता बाण दाबलात की सगळी निवड गेली, पुन्हा पहिल्यापासून. चार झाल्या की कंट्रोल-सी, मग ऑल्ट-डीनं पत्त्याच्या पट्टीत जाऊन पेनड्राइव्हचं अक्षर (ई, एफ असं जे असेल ते) आणि विसर्गासारखं कोलन टाइप करा, एंटर, कंट्रोल-व्ही.

चारही निवडलेल्या असताना एफ-२ दाबू नका. चौघींना एकच नाव मिळतं, पुढे कंसात आकडे. झालंच तर लगेच कंट्रोल-झेड. लॅपटॉपवर एफ-२नं उजेड कमी-जास्त होत असेल तर सोबत एफएन दाबावं लागतं.