कॅन्सरवर औषध सापडलंय पण कंपन्या ते दडवून ठेवतात, हे खरं आहे का?

नाही, दडवलेलं नाहीये. पण असं का वाटतं ते मला कळतं, आत्याच्या आजारपणात मीपण हेच बोलायचो. पैसा पाण्यासारखा जातोय, माणूस डोळ्यांसमोर निम्मा होतोय, मग कुणीतरी मुद्दाम अडवून धरलंय असं वाटतंच.

मुळात कॅन्सर हा एक आजार नाही, कितीतरी वेगवेगळ्या आजारांचं मिळून ते एक नाव आहे, आणि त्यातले काही आज चक्क बरे होतात. लहान मुलांचा एएलएल नावाचा ब्लड कॅन्सर घ्या, १९६० च्या आसपास त्यातून क्वचितच मूल वाचायचं, आता नीट उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात. वृषणाचा कॅन्सर पसरला असला तरी सिस्प्लॅटिन नावाच्या औषधाच्या किमोने बरेच जण पूर्ण बरे होतात. स्वादुपिंडाचा मात्र अजून आवरत नाही, तो कळतो तेव्हाच बहुतेकदा उशीर झालेला असतो.

कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असं मी म्हणत नाही. नोव्हार्टिस कंपनीचं ग्लिव्हेक हे ब्लड कॅन्सरचं औषध महिन्याला लाखाच्या वर जायचं आणि तेच औषध भारतीय कंपन्या आठ-दहा हजारात देत होत्या, शेवटी २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसला पेटंट नाकारलं. म्हणजे औषध सापडलं की ते लपवत नाहीत, महाग विकतात. राग यायचा तर त्याचा यावा.

आणि स्वस्तातलं काही सापडलं तर तेही दाबलं जात नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या निम्म्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी साध्या व्हिनेगरने, म्हणजे ॲसेटिक ॲसिड लावून, तीही डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या बायकांनी केली, आणि त्यांच्यात त्या कॅन्सरचे मृत्यू उरलेल्या बायकांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ मध्ये हे अमेरिकेतल्या कॅन्सरच्या सगळ्यात मोठ्या परिषदेत मुख्य स्टेजवरून मांडलं गेलं. व्हिनेगरमधून कुठली कंपनी कमावणार?

आत्याची गाठ हाताला लागली तेव्हा सुपारीएवढी होती. 'हॉस्पिटलवाले लुटतात' म्हणून आम्ही पाच महिने एका माणसाच्या पुड्या दिल्या, त्याने गॅरंटी दिली होती. बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, केली तोवर काखेत गेलेली. तुम्ही घरातल्या कुणासाठी विचारत असाल तर प्लीज, याच आठवड्यात बायॉप्सी करून घ्या.