लाइक येतात, माणसं येत नाहीत

प्रश्न: मी एका छोट्या सेवाभावी संस्थेचं सोशल मीडिया सांभाळते. रोज पोस्ट टाकते, वीसेक लाइक येतात, बास. मध्यंतरी एका समर्थकाने आमच्या पोस्टरवर स्वतःच्या दोन ओळी लिहून ते शेअर केलं, तर कमिटीने मला त्याला ते काढून टाकायला सांगायला लावलं. मला काही पटलं नाही. बरोबर कोण?

उत्तर: तुम्ही! त्या माणसाला आधी मेसेज करा, माफी मागा आणि अजून एक पोस्टर करशील का म्हणून विचारा. अहो, वीस लाइकपेक्षा तो एकटा जास्त मोलाचा आहे, कारण त्याने तुमच्या कामावर स्वतःचा वेळ घातलाय.

२०१४ चं आइस बकेट चॅलेंज आठवतंय ना? एएलएस या मज्जातंतूंच्या आजारावर काम करणाऱ्या एएलएस असोसिएशनने ठरवून काढलेली ती मोहीम नव्हती, आजाराशी झुंजणारे लोक आणि त्यांचे मित्र यांनीच ती पसरवली, आणि संस्थेकडे ११.५ कोटी डॉलर जमा झाले. कृती ठरलेली, गार पाणी ओतायचं आणि पुढच्यांची नावं घ्यायची, पण व्हिडिओ प्रत्येकाचा आपापला. तसंच २००७ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेने एका व्हेलचं नाव लोकांना निवडायला सांगितलं तर लोकांनी ‘मिस्टर स्प्लॅशी पँट्स’ला उचलून धरलं, संस्थेतल्या काहींना ते फार पोरकट वाटलं, पण शेवटी त्यांनी ते मान्य केलं आणि त्याच नावाने प्रचारही केला. कमिटीला हे नक्की सांगा.

आता करायचं काय, तर तयार पोस्टर देऊ नका, अर्धवट द्या. म्हणजे फोटो, लोगो आणि मध्ये रिकामी जागा, ‘हे वाक्य तुम्ही पूर्ण करा’. मूळ फाइल अशी ठेवा की साध्या मोबाइलवरही बदलता येईल. सोबत क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स लावा, म्हणजे आपलं काम इतरांनी कसं वापरावं याची आधीच दिलेली जाहीर परवानगी, पण नीट बघून हं, त्यात ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदल नकोत) असेल तर बदललेलं काम शेअर करायला परवानगीच नसते, मग रिमिक्स, म्हणजे तुमच्या पोस्टरवरून लोकांनी केलेलं आपलं पोस्टर, कसलं? आणि एकदा दिलेलं लायसन्स मागे घेता येत नाही, म्हणून लोगो त्यातून वगळलात तरी चालेल.

एका बाबतीत मात्र मी कमिटीच्या बाजूने आहे. ज्यांच्यासाठी तुम्ही काम करता त्यांचे चेहरे, खास करून लहान मुलांचे, या रिमिक्सच्या फाइलमध्ये अजिबात नकोत. लायसन्स फोटोचं असतं, फोटोतल्या माणसाच्या संमतीचं नाही, आणि संस्थेच्या रिपोर्टसाठी ‘हो’ म्हणालेल्या बाईने आपल्या चेहऱ्यावर कोणीही काहीही लिहावं याला होकार दिलेला नसतो. त्याऐवजी हात, वस्तू, चित्रं, तुमच्या टीमचे आवाज द्या.

पहिल्यांदा चार-पाचच रिमिक्स येतील, येऊ देत. प्रत्येक तुमच्या पेजवर करणाऱ्याच्या नावासकट टाका, अर्थात त्याला विचारून, आणि खाली कमेंटमध्ये स्वतः बोला, नुसता हात जोडलेला इमोजी नको. सुरुवात त्या काढायला लावलेल्या पोस्टरनेच करा.