तुम्ही विचारलंय: एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन लास व्हेगासहून आठवड्याभरात अमेरिकेतले पाच नॅशनल पार्क होतील का?

होतील, पण गाडीच्या काचेतून. युटा राज्यातले झायन, ब्राइस आणि आर्चेस ठेवा, बाकीचं काढा. डेथ व्हॅली व्हेगासहून बरोबर उलट्या दिशेला. आणि झायनपासून जवळ म्हणून तुम्ही ग्रँड कॅन्यनचा नॉर्थ रिम, म्हणजे उत्तरेकडचा कडा, घेतलाय, पण त्याचा रस्ता हिवाळ्यात जो बंद होतो तो साधारण १५ मेपर्यंत उघडत नाही.

खरं तर मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे: ‘गॅस (म्हणजे पेट्रोल) काय, वाटेत मिळेलच ना?’

नाही मिळत. आर्चेसहून ब्राइसला जाताना ग्रीन रिव्हर नावाचं गाव लागतं. तिथून आय-७० हायवेने सलायना गावापर्यंत साधारण ११० मैल एकही पंप नाही, दुकान नाही, वस्ती नाही. आम्ही असेच मार्चअखेरीस चाललो होतो. गाडी भावजी चालवत होते. ग्रीन रिव्हरला मी म्हटलं, टाकी भरून घेऊ. तर म्हणे, “वहिनी, एवढा मोठा हायवे आहे, दर दहा मैलांवर पंप असतो.” उरलेल्या पेट्रोलवर डॅशबोर्ड १३० मैल दाखवत होता, त्यामुळे हिशेबही त्यांच्याच बाजूने होता.

पुढे सॅन राफेल स्वेल या खडकाळ उंचवट्याचा चढ सुरू झाला. उभ्या खडकांच्या भिंती कापून रस्ता वर जातो, आणि समोरून वारा असा की गाडी हलत होती. १३० चे ९५ झाले तेव्हा आम्ही जेमतेम वीस मैल आलो होतो. भावजींनी एसी बंद केला. मग गाणी बंद केली, जशी काही गाण्यांनाच टाकी लागते. सासूबाई मागे जप करत होत्या. शेवटी एका एक्झिटला मी सरळ सांगितलं, गाडी फिरवा. परत ग्रीन रिव्हर, टाकी फुल, आणि पुन्हा तोच चढ.

तेव्हा अर्धी टाकी झाली की भरायची, तिथे भाव कितीही असो. कोणी हसलं तर हसू द्या.

बाकी झायनमध्ये मार्च ते नोव्हेंबर मुख्य दरीत आपली गाडी नेता येत नाही, पार्कची फुकट शटल घ्यायची. सकाळी लवकर गेलात तरच पार्किंग मिळेल. नॅरोजची, म्हणजे नदीच्या पाण्यातून चालायच्या अरुंद घळीतल्या ट्रेकची, आशा धरू नका, बर्फ वितळून नदीला पाणी वाढलं की तो बंद करतात. तिथल्याच एंजल्स लँडिंगच्या चढाईला २०२२ पासून लॉटरीने परमिट आहे, पण साखळ्या धरून कड्यावर चढणं आई-बाबांना झेपणार नाही.

हां, आर्चेसला गेली काही वर्षं आत जायला आगाऊ वेळ घ्यावी लागायची. नियम बदलत राहतो, निघण्याआधी पार्कच्या साइटवर बघा. आणि २०२६ पासून परदेशी पाहुण्यांचं शुल्क वेगळं झालंय. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तर झायन-ब्राइसचं नीट वाचून घ्या.

जाडं जॅकेट मात्र घ्याच. वाळवंट म्हणून सुती कपडे भरणारे आमच्याकडेही होते, नाव सांगत नाही. ब्राइसचा रिम ८,००० फुटांच्या वर आहे, एप्रिलमध्ये रात्री पाणी गोठतं. आम्ही पोचलो तेव्हा सूर्यास्त कधीच होऊन गेला होता. भावजींच्या मते तो वाऱ्यामुळे हुकला.