आमच्या गल्लीत त्यांचं कोण आहे?

बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला होता. तू अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात नोकरीला लागलास, मागच्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतलीस, आणि आता राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहणाऱ्या एका उमेदवाराच्या समर्थकांच्या बैठकीला पहिल्यांदाच जाणार आहेस, हे तिच्याकडूनच कळलं. "तिथे याला काळं कुत्रं ओळखत नाही, हा जाऊन करणार काय?" असं तिने विचारलं. उत्तर तिला द्यायच्या ऐवजी तुलाच लिहिते. उमेदवार कोण ते मी तिला मुद्दामच विचारलं नाही. मला जे सांगायचं आहे ते उमेदवार कोणीही असला तरी तेच राहील.

आपल्याकडे 'सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता' म्हणतात, तेव्हा त्या शब्दांत कीव असते. आमच्या तालुक्यात असे कितीतरी जण मी लहानपणी पाहिले. सभा असली की पहाटेपासून राबायचे, रात्री सतरंज्या झटकून घडी घालायचे, आणि तिकीट मुंबईत किंवा दिल्लीत भलत्याच माणसाला मिळायचं. इथली प्रायमरी वेगळी आहे ती नेमकी इथे. पक्षाचं तिकीट कोणाला द्यायचं हे मतदार मत देऊन ठरवतात. म्हणजे सतरंजी उचलणाऱ्याचा आणि त्याच्या शेजाऱ्याचा शब्द थेट तिकिटापर्यंत पोहोचतो. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

ते वर्ष 2003. मी बॉस्टनजवळ राहत होते, हातात ग्रीन कार्ड होतं, मताचा अधिकार नव्हता. इराकचं युद्ध सुरू झालं होतं आणि त्याला उघड विरोध करणारा एक उमेदवार होता, हॉवर्ड डीन. पेशाने डॉक्टर, शेजारच्या व्हरमाँटचे माजी गव्हर्नर. त्यांच्या समर्थकांनी 'मीटअप' नावाच्या तेव्हा अगदी नव्या संकेतस्थळावर एकमेकांना शोधून काढलं आणि दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी देशभर कॉफीच्या दुकानांत, ग्रंथालयांत बैठका सुरू झाल्या. वर्षाच्या सुरुवातीला देशात मिळून काहीशे माणसं नोंदलेली होती, वर्ष संपेपर्यंत तो आकडा लाखाच्या पलीकडे गेला. आमच्या गटात पहिल्या खेपेला अकरा जण होते. चौथ्या खेपेला दुकानदाराने खुर्च्या पुरणार नाहीत म्हणून सांगितलं.

तुला तो उत्साह सांगायला हवा, कारण तुलाही तो भेटणार आहे आणि तो खरा असतो. एक निवृत्त शिक्षिका, एक सुतार, कॉलेजची दोन पोरं, आणि मी, साडीवर कोट घातलेली एकटी मराठी बाई. मी मत देऊ शकत नाही म्हटल्यावर ती शिक्षिका म्हणाली, "पण लिहू शकतेस ना?" आणि तिने माझ्यापुढे कागद ठेवला. जुलैच्या बैठकीत आम्ही सगळ्यांत आधी कौल देणाऱ्या आयोवा राज्यातल्या मतदारांना हाताने पत्रं लिहीत होतो. देशभर त्या संध्याकाळी हजारो पत्रं लिहिली गेली. शाळेत असताना गिरवलेल्या बाळबोध वळणाचा मला त्या दिवशी इंग्रजी अक्षरांतही अभिमान वाटला. मी कोण, कुठून आले, मला हा माणूस का पटतो, हे अनोळखी माणसाला लिहिताना मला स्वतःलाच नीट समजलं. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत डीन यांच्या प्रचाराने जवळपास दीड कोटी डॉलर गोळा केले, आणि त्यात मोठा वाटा छोट्या देणग्यांचा होता. आम्हाला वाटलं, झालं, जिंकलो.

मग जानेवारी 2004 आला. त्या महिन्यात न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे इथल्या ईशान्येकडच्या राज्यांत, हाडं गोठवणारी थंडी होती. आम्ही चार जण एका गाडीतून न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला दारं ठोठवायला गेलो. एका घरी सत्तरीच्या पुढची बाई दारात आली. तिने आम्हाला आत घेतलं, हात शेकू दिले, सगळं नीट ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, "तुम्ही कुठून आलात?" मी म्हटलं, मॅसॅच्युसेट्समधून. ती म्हणाली, "आमच्या गल्लीत त्यांचं कोण आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हातातल्या यादीत त्या गल्लीतली चौदा घरं होती, त्यांतल्या एकाही माणसाला आमच्यापैकी कोणी ओळखत नव्हतं. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही, आणि हे सगळं पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे.

19 जानेवारीला आयोवात कॉकस झाले. तिथे तेव्हा डेमोक्रॅट मतदार संध्याकाळी शाळेत किंवा चर्चमध्ये जमायचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत आपापल्या उमेदवाराच्या गटात जाऊन उभे राहायचे. बहुतेक ठिकाणी ज्याचा गट 15 टक्क्यांच्या खाली, तो मोडायचा, आणि मग उरलेले गट त्या माणसांना आपल्याकडे ओढायचे. अशा वेळी कोणाचा शब्द चालतो? ज्याने मागच्या हिवाळ्यात तुमच्या अंगणातला बर्फ उपसायला हात दिला त्याचा. आमच्या बाजूने बाहेरच्या राज्यांतून साडेतीन हजारांच्या आसपास स्वयंसेवक गेले होते, डोक्यावर नारिंगी टोप्या घालून. आमच्या गटातलेही दोघे त्यात होते. मनाची चांगली, कष्टाळू माणसं, पण टोपी पाहताच कळायचं की हा पाहुणा आहे. जॉन केरींना 38 टक्के मिळाले, जॉन एडवर्ड्सना 32, आणि डीन 18 टक्क्यांवर तिसरे. आठ दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये दुसरे. 18 फेब्रुवारीला त्यांनी माघार घेतली.

हरण्याची कारणं बरीच होती. गेपहार्ट या दुसऱ्या उमेदवाराशी जाहिरातींची लढाई जुंपली त्यात दोघांचंही नुकसान झालं, आणि राष्ट्राध्यक्ष बुशना कोण हरवू शकेल या प्रश्नावर लोक शेवटच्या आठवड्यात केरींकडे वळले. सगळं खापर मीटअपवर फोडणं चुकीचं ठरेल. पण मी जिथे होते तिथलं सांगते. दर महिन्याच्या त्या बुधवारी आम्ही एकमेकांनाच भेटत होतो. खोली भरली की आम्हाला देश आपल्या बाजूला वळल्यासारखं वाटायचं. खोलीतल्या प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं होतं.

म्हणून तू बैठकीला जा, पण ती किती भरली यावरून काही मोजू नकोस. घरी येताना स्वतःला विचार, आज खोलीत नसलेल्या किती माणसांपर्यंत जायचं ठरलं?

याची एक जुनी रीत आहे, ती तुला ठाऊक असावी. कॅलिफोर्नियात फ्रेड रॉस नावाचे संघटक होते. ते सभा घेण्याऐवजी कोणाच्या तरी घरी आठ-दहा जणांना बसवायचे, त्यांचं ऐकायचे, आणि उठण्यापूर्वी विचारायचे, तुमच्यापैकी कोण आपल्या घरी अशीच बैठक बोलावेल? 1952 साली सॅन होजेमध्ये याच वाटेने त्यांना सेझार चावेझ भेटले, ज्यांनी पुढे शेतमजुरांची संघटना उभी केली. चावेझ यांच्याबरोबर काम केलेल्या मार्शल गँझ यांनी तीच शिकवण 2007 मध्ये बराक ओबामांच्या स्वयंसेवकांना दिली. 2015 च्या जुलैत बर्नी सँडर्स यांनी एकाच संध्याकाळी साडेतीन हजार ठिकाणी घरोघरी माणसं जमवली, त्याचंही मूळ तेच. आपल्याकडे हळदीकुंकवाला बोलावतात ना, एकीच्या घरून दुसरीच्या घरी निरोप जातो, तसं हे आहे, आणि म्हणूनच मला ते लगेच उमगलं.

2006 मध्ये मला नागरिकत्व मिळालं. तोवर आम्ही न्यू हॅम्पशायरच्या एका छोट्या गावात राहायला आलो होतो. 2007 च्या उन्हाळ्यात ओबामांसाठी मी पहिली गोष्ट केली ती ही, की आमच्या रस्त्यावरची घरं मोजली. एकवीस. त्यांतल्या सहा घरांतली माणसं मला नावाने ठाऊक होती. डिसेंबरपर्यंत सगळी ठाऊक झाली. मी उमेदवाराचं पत्रक घेऊन गेले नाही, पहिल्या खेपेला तर मुळीच नाही. काही ठिकाणी शंकरपाळी नेली, काही ठिकाणी नुसतं विचारलं की यंदा कोणत्या गोष्टीची काळजी वाटते. एका घरी तासभर औषधांच्या किमतींवर बोलणं झालं. एका घरी मुलगा इराकमध्ये होता. तिथे मी काहीच बोलले नाही, फक्त बसले.

ओबामा आयोवा जिंकले, आणि पाच दिवसांनी, 8 जानेवारी 2008 ला, आमच्याकडे हिलरी क्लिंटन यांच्याकडून तीनेक टक्क्यांनी हरले. मी रडले. पण दोन महिन्यांनी मार्चमध्ये गावाची वार्षिक सभा भरली, ग्रंथालयाच्या खर्चाचा ठराव अडणार असं दिसत होतं, तेव्हा त्याच एकवीस घरांतली पंधरा माणसं हात वर करायला आली. त्यांतली काही रिपब्लिकन होती. शेजारच्या गावातली आमच्या बैठकांना येणारी एक बाई पुढे राज्याच्या विधानसभेत निवडून गेली. तुमच्या राज्याच्या खालच्या सभागृहात 400 सदस्य आहेत आणि त्यांना वर्षाला मानधन 100 डॉलर, हे तुला माहीत आहे का? तिथली प्रायमरी 1920 पासून देशात पहिली होत आली, ती साध्या माणसांच्या दिवाणखान्यात वाढली हे त्यावरून कळतं. 2024 साली डेमोक्रॅटिक पक्षाने तो पहिला मान साउथ कॅरोलिनाला द्यायचा प्रयत्न केला, तरी न्यू हॅम्पशायरने आपली निवडणूक आधी घेतलीच. आयोवाचं कॉकस मात्र डेमोक्रॅट्सपुरतं आता पूर्वीचं राहिलं नाही, त्या वर्षी पसंती टपालाने नोंदवली गेली.

आता तुझ्या पहिल्या संध्याकाळचं. दहा मिनिटं आधी पोहोच, खुर्च्या मांडायला हात लाव. आपली माणसं दिसली की आपण त्यांच्याच शेजारी जाऊन बसतो, ते पहिल्या दिवशी नको. कोणी आधीच्या निवडणुकांतलं जुनं जाणतं माणूस असेल, त्याच्याजवळ बस. भाषण करू नकोस. 'मी इथे का आलो' एवढं दोन मिनिटांत सांगता येईल अशी घरी तयारी कर, आणि त्यात उमेदवाराचे मुद्दे आणू नकोस, स्वतःचं काही सांग. तुझ्या बाबांच्या ग्रीन कार्डसाठी तुम्ही बारा वर्षं वाट पाहिलीत, ते सांगितलंस तरी लोक ऐकतील. निघण्यापूर्वी एकच काम माग, छोटं आणि तारीख असलेलं. चार कामं अंगावर घेऊन दोन अर्धवट टाकणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी विचारत नाही, आणि ते योग्यच आहे.

दारोदार जाशील तेव्हा यादीत प्रत्येक नावापुढे एक ते पाच आकडा भरायला सांगतील, एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का विरोधी. पोरं खूश करायला तिनाचा दोन करतात. तू करू नकोस. त्या खोट्या दोनांवर मतदानाच्या दिवशी सगळं गणित कोसळतं. तुझ्या राज्यात कोणत्याच पक्षात नाव न लिहिलेले मतदार भरपूर आहेत आणि ते दोन्हीपैकी कोणत्याही पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतात, तेव्हा दारावर दुसऱ्या पक्षाची पाटी दिसली म्हणून उलट्या पावली फिरू नकोस.

तुझ्या मित्रांपैकी काही एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत. त्यांना न्यायचं असेल तर स्पष्ट सांगून ने. विनामोबदला स्वयंसेवा ते करू शकतात, पण एक डॉलरही देणगी देऊ शकत नाहीत आणि प्रचाराचा पैसा कुठे खर्च करायचा त्या निर्णयात बसू शकत नाहीत. ग्रीन कार्डवाले देणगी देऊ शकतात. मतदार म्हणून नोंदणी आणि मतदान मात्र दोघांनीही करायचं नाही, कोणी चुकून फॉर्म पुढे केला तरी सही करायची नाही. त्या एका सहीने इथलं राहणं धोक्यात येतं. आणि गणपतीत मंडळाच्या टेबलावर पत्रकं ठेवू नकोस. आपली मंडळं बहुतेक करसवलतीच्या संस्था म्हणून नोंदलेली असतात, आणि अशा संस्थांना उमेदवाराचा प्रचार करायला मनाई आहे. प्रसादाच्या रांगेत मित्राशी बोललास तर ते तुझं वैयक्तिक बोलणं, त्याला कोणी अडवत नाही.

तू राहतोस त्या इमारतीत किती बिऱ्हाडं आहेत? आईला विचारलं तर तिला सांगता आलं नाही. बैठकीच्या आधी मोजून ठेव, आणि त्यांतली किती नावं तुला ठाऊक आहेत तेही. रविवारी मी फोन करीन, तेव्हा दोन्ही आकडे सांग. बैठकीचं त्यानंतर बोलू.

तुझी,
मावशी

ता. क. घरी कोणी नसेल तर पत्रक दाराच्या मुठीला अडकव, टपालपेटीत कधीही टाकू नकोस. तिकीट न लावलेला कागद तिच्यात टाकणं इथे कायद्याने गुन्हा आहे. मागे दोन ओळी हाताने लिही आणि खाली आपल्या रस्त्याचं नाव घाल. पेन बोलपेन नको, शिसपेन्सिल ने. थंडीत शाई गोठते.