अर्धं वाक्य बोलून गप्प का बसतात?

कँटोनीज (हाँगकाँग आणि दक्षिण चीनची भाषा) बोलणारा माणूस 'भिक्षूनं छत्री धरली' म्हणून गालात हसला, की तो 'हित-हाउ-यू'चा, म्हणजे दोन भागांच्या म्हणीचा, पहिला भाग असतो. दुसरा त्यानं गिळलाय, तो तुम्हालाच भरायचाय: 'केस नाहीत, आकाश नाही'. मुंडण केलेलं डोकं, वर छत्री, एवढं सरळ. पण केसांना 'फात' म्हणतात आणि कायद्यालाही 'फात', उच्चाराचा सूरसुद्धा तोच. म्हणजे खरा अर्थ, कायदा ना आकाशातला देव, कशाचीच भीती नसलेला माणूस.

म्हणून शब्दकोश नंतर, आधी कान. दुसरा भाग मोठ्यानं म्हणा आणि त्याच सुरातला दुसरा शब्द शोधा. सूर चुकला तर विनोद मेलाच. 'ध्वजाची काठी जळली' घ्या: उरतो लांब कोळसा, 'थान'. याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे चैन करणं, म्हणून निवांत मजेत राहणाऱ्याला हे लावतात.

सगळीकडे श्लेष मात्र शोधू नका. 'विजेचा दिवा' म्हणजे प्रेमी जोडप्यात घुटमळणारा तिसरा. दिव्यातून हवा जात नाही, तसं याला काही कळत नाही. हाँगकाँगात नुसतं 'तिन-तांग-ताम', म्हणजे विजेचा दिवा, म्हटलं तरी पुरतं.

वापरायची घाई नको. काही म्हणी शारीरिक व्यंगावर बेतलेल्या आहेत. त्या समजून घ्या, पण तोंडी आणू नका.