मूल कुणाला धरून वाढतं? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

प्रश्न : बाळंतपणाची रजा संपली तेव्हा माझी मुलगी सात महिन्यांची होती. पाळणाघराची खात्री वाटेना, म्हणून तिला सातारा जिल्ह्यात गावी, माझ्या आईकडे ठेवलं. आम्ही दोघं दर पंधरा दिवसांनी शनिवार-रविवार जातो. आता ती दोन वर्षं चार महिन्यांची आहे. जूनमध्ये नर्सरीत घालायचं म्हणून तिला चिंचवडला आणायचं आहे. पण ती माझ्या आईलाच ‘आई’ म्हणते, मी घ्यायला गेले की आजीच्या पदराआड लपते. माझा लळा लागायची वेळ निघून गेली का? तिला कसं आणू? (एक आई, चिंचवड)

उत्तर : वेळ निघून गेलेली नाही. ती पदराआड लपते याचा अर्थ तिच्याजवळ लपायला हक्काचा पदर आहे. कुणाकडेच न धावणारं मूल असतं, तर आम्हाला जास्त काळजी वाटली असती.

मुलाचा जीव एकाच माणसात अडकतो, असं आपण धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या ६० बाळांवर दीड वर्षाची होईपर्यंत लक्ष ठेवलं आणि १९६४ मध्ये निष्कर्ष छापले. दीड वर्षाच्या वयात फक्त १३ टक्के बाळं एकाच व्यक्तीला धरून होती. बाकीच्यांना आईखेरीज वडील, आजी-आजोबा, भावंडं, शेजारी यांचाही लळा होता. बाळाचं सगळं करणारी व्यक्तीच त्याला सर्वांत जवळची असते, असंही तिथे दिसलं नाही. बाळानं आवाज दिला की कोण वळतं, कोण खेळतं, यावर बरंच अवलंबून होतं. तेव्हा तुमच्या मुलीच्या मनात तुमच्यासाठी जागा होईल. मात्र आजीची जागा रिकामी करून ती तुम्हाला मिळणार नाही.

इथेच बहुतेक घरं चुकतात. एखाद्या रविवारी झोपलेल्या मुलीला गाडीत घालून आणतात. ‘आजी मागून येतेय’ असं सांगतात, आणि ती लवकर विसरावी म्हणून पंधरा दिवस आजीचा फोनसुद्धा दाखवत नाहीत. मूल चार दिवस रडतं, मग गप्प होतं आणि घरचे म्हणतात, ‘रुळली.’ बालमनाचे अभ्यासक जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनच्या रुग्णालयांत आईवडिलांविना राहिलेल्या लहान मुलांचं नेमकं हेच पाहिलं होतं. आधी आकांत आणि शोधाशोध, मग खिन्न गप्पपणा आणि शेवटी वरवर सावरलेलं, पण आई आली तरी तिच्याकडे न वळणारं मूल. गप्प झालेल्या मुलाला परिचारिका ‘शहाणं’ समजत. रॉबर्टसन आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या कामाचा परिणाम असा झाला की १९५९ मध्ये ब्रिटनच्या सरकारी समितीनं मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना केव्हाही भेटू द्यावं अशी शिफारस केली. सांगायचं ते एवढंच, की गप्प झालं म्हणजे रुळलं असं समजू नका.

तुमच्याकडे दोन-अडीच महिने हवेत. पहिल्या टप्प्यात तुम्ही गावी जाऊन सलग आठ-दहा दिवस राहा. रजा मिळाली तर उत्तम, नाहीतर तुम्ही पाच दिवस आणि तिचे बाबा पाच दिवस. पहिले दोन-तीन दिवस तिला उचलायला हात पुढे करू नका. ती खेळते तिथे जमिनीवर बसा, ती जे करतेय ते बघा, तिनं काही दिलं तर घ्या. त्या वेळी आजीनं तुमच्याशी नेहमीसारख्या गप्पा मारत राहायचं. या वयाची मुलं अनोळखी माणसाकडे जायचं की नाही हे आपल्या विश्वासातल्या माणसाचा चेहरा बघून ठरवतात. म्हणून ‘जा ना, आई आहे ती तुझी’ असं म्हणत ढकलण्यापेक्षा आजी तुमच्याशेजारी निवांत बसलेली दिसणं जास्त कामाचं.

मग एकेक काम हातात घ्या : आधी भरवणं, दोन दिवसांनी अंघोळ, त्यानंतर कपडे आणि वेणी. झोपवणं सगळ्यांत शेवटी. दिवसभर दमलेलं मूल अंधार पडला की सर्वांत पक्का आधार शोधतं, आणि तो आज तरी आजी आहे. तिथे घाई केली की आधी कमावलेलंही जातं.

दुसऱ्या टप्प्यात आजीनं मुलीबरोबर चिंचवडला यायचं आणि तीन-चार आठवडे राहायचं. तिची गोधडी न धुता आणा, कारण तिला ओळखीचा वास हवा असतो. ताटली, पेला, झोपायची वेळ, झोपतानाचं गाणं गावासारखंच ठेवा. या काळात रात्रीचं झोपवणं हळूहळू तुमच्याकडे येऊ द्या : आधी दोघी तिच्या दोन बाजूंना, मग आजी त्याच खोलीत पण दूर.

आजीचं जाणं दिवसाउजेडी, मुलगी जागी असताना आणि सांगून व्हायला हवं. पहिल्यांदा दोन दिवसांसाठीच. ‘आजी एसटीनं गावाला चाललीय. दोन झोपा झाल्या की परत येईल.’ तारीख-वार तिला कळणार नाहीत. भिंतीवर कागद लावा आणि रोज सकाळी त्यावर तिच्या हातानं एक टिकली चिकटवा. दोन टिकल्या झाल्या की आजी आलीच पाहिजे. पुढच्या वेळी आठ दिवस. ती रडेल, तेव्हा मांडीवर घ्या आणि रडू द्या. मोबाइलवर गाणी लावून ते रडू बुजवू नका. आजीला ती ‘आई’ म्हणते ते सुधारत बसू नका. ते आपसूक बदलेल, नाही बदललं तरी काही बिघडत नाही.

नर्सरी या सगळ्यानंतर. आजी गेल्यावर किमान महिना-दीड महिना मध्ये जाऊ द्या, त्यासाठी जूनचा ऑगस्ट झाला तरी चालेल. घर, माणसं आणि शाळा एकदम बदलली तर तिनं धरायचं तरी कशाला?

सुरुवातीचे काही आठवडे ती रात्री दचकून उठेल, शू सांगायची बंद होईल, तुम्हाला मारेलही. सर्वांत जास्त लागतं ते वेगळंच. तुम्ही ऑफिसातून येता, पर्स ठेवता आणि ती ठोकळ्यांवरून मानसुद्धा वर करत नाही. जवळ गेलात की पाठ फिरवते. त्या क्षणी ‘बरं, मग मीपण नाही बोलणार’ म्हणू नका. हातभर अंतरावर बसा. ‘मी आले. मी गेले म्हणून तुला राग आलाय.’ एवढंच म्हणा आणि थांबा. थोड्या वेळानं ती एखादा ठोकळा तुमच्या पायाशी आणून टाकेल. तो उचला, पण लगेच मिठी मारायला जाऊ नका. दोन-तीन महिन्यांनीही खाणं सुटलेलं असेल, वजन घटत असेल किंवा बोलणं मागे गेलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : नातू दहा महिन्यांचा. आधी कुणाकडेही हसत जायचा, आता सून स्वयंपाकघरात गेली तरी किंचाळतो. सारखं कडेवर घेतल्यानं बिघडला का? (एक आजी, कोल्हापूर)

उत्तर : बिघडला नाही, मोठा झाला. साधारण सहा ते आठ महिन्यांपासून हे सुरू होतं, वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि तिसऱ्या वर्षात ओसरत जातं. दिसत नसली तरी आई कुठेतरी आहे हे त्याला आता कळतं, पण ती परत येईल हे अजून कळत नाही. कडेवर घेण्याविषयी म्हणाल, तर मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये २६ घरांत वर्षभर जाऊन नोंदी केल्या. ज्या आया पहिल्या महिन्यांत रडण्याला चटकन प्रतिसाद देत, त्यांची बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. सूनबाईंना आतून आवाज देत राहायला सांगा आणि दिवसातून चार-पाचदा दाराआड बुवा-कुक खेळा. बाहेर जाताना नजर चुकवून सटकणं मात्र बंद. एकदा फसलेलं मूल पुढचे आठ दिवस आईचा पदर सोडत नाही.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. घरात एका शब्दात उत्तरं, मित्रांत बडबड्या. गेल्या वर्षी क्रिकेट, यंदा गिटार, आता म्हणतो डिझायनर व्हायचंय. सायन्सचं तर आम्ही कधीच ठरवलंय. परवा भांडण झालं आणि म्हणाला, ‘मी खरा कसाय तेच मला कळत नाही.’ आम्ही कुठे कमी पडलो? (एक वडील, नाशिक)

उत्तर : तो हे वाक्य तुमच्यासमोर बोलला, याकडे आधी लक्ष द्या. वडिलांवर विश्वास नसलेली मुलं असं बोलत नाहीत.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुझन हार्टर यांनी किशोरवयीन मुलांना आपलं वर्णन करायला लावलं : घरी कसा, मित्रांत कसा, वर्गात कसा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यातला विरोध फारसा दिसत नाही. चौदा-पंधराला तो दिसतो आणि छळतो, कारण दोन्ही बाजू एकत्र बांधण्याची ताकद अजून आलेली नसते. ‘मी ओळखीत मोकळा असतो, परक्यांत बुजतो’ असं शांतपणे म्हणता येणं ही पुढच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. तेव्हा ‘मित्रांत बरं तोंड चालतं तुझं’ हा टोमणा त्याला जिथे दुखतंय नेमका तिथे बसतो. तो सोडाच.

क्रिकेट-गिटार-डिझाइन ही धरसोड आम्हाला काळजीची वाटत नाही, ‘ठरवलंय’ हा शब्द वाटतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये तरुणांना ‘मी कोण’ ही स्वतःची ओळख कशी सापडते याच्या चार अवस्था मांडल्या : शोधही नाही आणि निर्णयही नाही, शोध न घेता दुसऱ्यानं दिलेला निर्णय, शोध चालू, आणि शोधातून आलेला निर्णय. दुसऱ्या अवस्थेतली मुलं घरी फार कौतुकाची असतात, कारण ती वाद घालत नाहीत. राहिलेला प्रश्न मग इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला उभा राहतो आणि तेव्हा त्याची किंमत जास्त असते. या सुट्टीत त्याला डिझाइनचं काम करणाऱ्या दोन माणसांना भेटू द्या. दिवस कसा जातो, पैसे किती मिळतात, काय कंटाळवाणं आहे, हे प्रश्न त्यानंच विचारायचे. एक छोटं काम स्वीकारून ते पूर्ण करायचं. त्यानंतर शाखेचं बोला, आणि तुमचं मतही स्पष्ट सांगा. मत नसलेला बाप त्याला नको आहे, ऐकून घेणारा हवा आहे.

समोरासमोर बसवून चौकशी केली की या वयाची मुलं मिटतात. स्कूटरवर मागे बसून, भाजी निवडताना, गाडी धुताना ती बोलतात. रोज पंधरा मिनिटं असं काहीतरी एकत्र करा आणि त्यात अभ्यास हा विषय काढू नका. खोलीत जाताना दार वाजवा.

आणि भांडणाबद्दल. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ह्या बाळाचं खेळणं क्षणाक्षणानं तपासलं, तेव्हा चांगल्या जोड्यांचे सूरसुद्धा जेमतेम तिसरा हिस्सा वेळ जुळलेले आढळले. बाकीचा वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवून घेणं यात जात होता. पंधराव्या वर्षीही हेच लागू आहे असं आम्ही मानतो. म्हणून त्याच दिवशी, झोपण्याआधी, मोठ्या माणसानं पहिलं जायचं : ‘मघाशी माझा आवाज चढला, तो चढायला नको होता. अकराच्या आत घरी यायचं हे मात्र कायम.’ माफी आणि नियम दोन्ही शिल्लक राहिले पाहिजेत. ‘मी चुकलो, पण तूसुद्धा...’ असं म्हटलंत की माफी संपली.

दोन आठवडे सलग झोप-भूक बिघडली, मित्रही तुटले किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचं तो बोलला, तर वाट पाहू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही तिला दत्तक घेतलं, आता साडेतीनची आहे. कुरिअरवाल्याच्याही कडेवर जाते. सगळे कौतुक करतात, मला धास्ती वाटते. आणि तिला दत्तक असल्याचं कधी सांगायचं? (एक आई, ठाणे)

उत्तर : धास्ती रास्त आहे. रुमानियात २००० साली सुरू झालेल्या बुखारेस्ट प्रकल्पात अनाथालयातल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना चांगल्या कुटुंबांत ठेवलं. दोन वर्षांच्या आत घरात आलेल्या मुलांचे बंध जास्त चांगले जुळले. पण कुणाच्याही मागे जाण्याची सवय अनेकांत सावकाश गेली. बदलत्या पाळ्यांच्या माणसांत वाढलेल्या मुलाला जो समोर येईल त्याला हसून जिंकावं लागतं.

पुढचे सहा महिने भरवणं, अंघोळ, झोपवणं आणि लागल्यावर फुंकर घालणं फक्त तुम्ही दोघांनी करा. नातेवाइकांनी तिला उचलू नये, खाऊ तुमच्या हातून द्यावा. कुणाकडे जाण्याआधी तिनं तुमच्याकडे बघायचं आणि तुम्ही मान हलवायची, हा खेळ घरातच शिकवा. ती पडली आणि रडत आली नाही, तर तिला शूर म्हणू नका. धावत जा, गुडघा बघा, ‘दुखलं असेल’ म्हणा. रडल्यावर कुणी येतं, हे तिला अजून शिकायचंय.

सांगायला आजपासून सुरुवात करा. एक मोठा दिवस ठरवून सांगण्यापेक्षा हा शब्द घरात रुळलेला बरा. घरी आणलं त्या दिवसाचे फोटो, तिथल्या ताई, तेव्हाचा फ्रॉक यांचा एक अल्बम करा. ‘तू दुसऱ्या बाईंच्या पोटातून आलीस. त्यांना बाळ सांभाळणं शक्य नव्हतं. मग आम्ही तुला घरी आणलं आणि आता तू कायम आमची.’ ‘टाकून दिलं’ हे शब्द कधीच नकोत आणि ‘आम्ही तुझ्यावर उपकार केले’ हा सूरही नको. बालवाडीत ‘माझे कुटुंब’ किंवा जन्मवेळच्या फोटोचा उपक्रम येण्याआधी बाईंना भेटून ठेवा.

बारा-चौदाव्या वर्षी हाच विषय नव्यानं येईल : मी कुणासारखी दिसते, कुणाची आहे. आपल्याकडच्या दत्तक नियमांत मुलाला आपलं मूळ शोधण्याची तरतूद आहे. अठराच्या आधी अर्ज दत्तक पालकांबरोबर करता येतो, नंतर स्वतंत्रपणे. संस्थेचे कागद, न्यायालयाचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, पहिले वैद्यकीय अहवाल, सगळं एका फाइलमध्ये जपून ठेवा आणि ती फाइल कुठे आहे हे तिला माहीत असू द्या.