सरासरीपेक्षा आठ सेंटीमीटर कमी

"मॅडम, याची उंची सरासरीपेक्षा कमी आहे." मी समुपदेशक; हे वाक्य माझ्या समोरच्या खुर्चीतून महिन्याला दोन-तीनदा तरी येतं. बोलणारी बहुधा आई असते, आणि ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो शेजारीच मान खाली घालून बसलेला असतो.

त्या दिवशीचा मुलगा दहा वर्षांचा, उंची १३० सेंटीमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्यांची सरासरी १३८ च्या आसपास आहे. आईने वही आणली होती. दर रविवारी दाराच्या चौकटीला टेकवून घेतलेली मापं, तारखेसकट. काही रविवारी उंची चक्क घटलेली.

"घटली त्या दिवशी घरात काय झालं?"

आई गप्प. मुलगाच म्हणाला, "आई जेवली नाही."

या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतं, म्हणजे आठवड्याला जेमतेम एक मिलिमीटर. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या मापातच सेंटीमीटरभर फरक पडतो. रविवारच्या मापातून वाढ कळणारच नव्हती.

बोलून मन हलकं होतं हे खरंच. पण आकड्याने घातलेली भीती आकड्यानेच उतरते, असं माझं अनुभवाअंती ठाम मत झालं आहे. तिसऱ्या भेटीत मी कागदावर घंटेच्या आकाराचा वक्र काढला. मधोमध १३८. मुलं सरासरीच्या आजूबाजूला किती विखुरलेली असतात ते सांगणारं प्रमाण विचलन साधारण ६.४. आठला ६.४ ने भागलं: १.२५. या वक्राच्या, म्हणजे प्रसामान्य वितरणाच्या, तक्त्यात उणे १.२५ समोर ०.१०५६.

"म्हणजे शंभरातली दहा-अकरा मुलं याच्याहून बुटकी."

"माझ्याहून?" त्याची मान पहिल्यांदा वर झाली. माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्याने वक्रावर स्वतःचा ठिपका काढला.

"पण निदान सरासरीइतकी तरी हवी ना?" आईने विचारलं.

"वक्राची डावी बाजू बघा. निम्मी मुलं तिथेच असतात."

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी सरासरीला पासचे मार्क समजत होते." हे मी तिला सांगितलं असतं तर पटलं नसतं. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी १८३५ मध्ये 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली आणि त्यालाच आदर्शही मानलं. तीच गफलत आजही घराघरांत चालते.

पालकांनो, माप सहा महिन्यांनी घ्या, अनवाणी, दिवसाच्या एकाच वेळी. आई-वडिलांची उंचीही लक्षात घ्या. माप सरासरीच्या दोन विचलनं खाली, म्हणजे या वयाला १२५ च्या खाली असेल (शंभरात दोन-तीन मुलं तिथे असतात), किंवा वाढीचा वेगच मंदावला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना नक्की दाखवा. वजनाला मात्र हे गणित जसंच्या तसं लावू नका. त्याचा वक्र उजवीकडे लांबत जातो, दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत.

सहा महिन्यांनी मुलाचाच फोन आला. १३३.

"आणि सकाळीच मोजलंय," तो म्हणाला.